तो की ते

जेवणानंतरची साखर बरोब्बर दोन तासांनी तपासायची असते. सकाळी उपाशीपोटी एकदा सुई टोचून घेतली, घरी येऊन दोन पोळ्या आणि दोडक्याची भाजी खाल्ली, आणि हाताशी पाऊण तास ठेवून पुन्हा लॅबकडे निघालो. कर्वे रस्त्यावर येऊन थांबलो तो थांबलोच. पुढे कुणा महाराजांची शोभायात्रा. दोन घोडे, तीन बँड, आणि फुलांनी मढवलेली उघडी जीप.

वीस मिनिटांनी मी हेल्मेटच्या आतल्या आत पुटपुटलो, "कोण आहे हा बाबा? घरी बसून प्रवचन देता येत नाही का याला?"

"हा नाही. हे."

शेजारून आवाज आला. राखाडी मोपेड, पायांच्या मधे दळणाचा स्टीलचा डबा. नुकताच गिरणीतून आणलेला, झाकण तिरकं बसलेलं.

"काय?"

"हे महाराज. याला नाही, यांना. धर्माच्या माणसाबद्दल आदरानं बोलावं." असं म्हणून त्यानं झाकणावर थाप मारली. पिठाचा एक लहानसा ढग उठला आणि माझ्या काळ्या पँटवर येऊन बसला. (त्याला मी या लेखात शेवटपर्यंत एकवचनातच ठेवणार आहे.)

"चुकलं, काका."

"काका कोण? तुमच्याच वयाचा असेन मी!"

आदराचं हे असं असतं. जास्त झाला तरी लागतो.

"तुम्ही भक्त आहात का त्यांचे?" मी नमतं घेत विचारलं.

"मी? छे! अहो, महाराज एक नंबरचे लबाड आहेत." थाप. ढग. "श्लोक म्हणतात आणि निम्मे विसर्ग गिळतात. आमच्या मेहुण्याला त्यांनी पुष्कराज घालायला लावला, तेव्हापासून त्याचं दुकान बसलं ते बसलंच. मागे मंडपवाल्याचे पैसे बुडवले त्यांनी. खरं सांगू? महाराज गाढव आहेत."

"गाढव आहेत?"

"आहेत. 'आहे' नाही म्हणायचं."

मी थक्क झालो. म्हणजे मी रस्ता अडवल्याची साधी तक्रार केली ती पाखंड, आणि हा माणूस महाराजांना भर रस्त्यात गाढव ठरवतोय तो आदर, कारण क्रियापदाला 'त'ची शेपटी आहे! शिवाय मराठीत 'ते' म्हणजे नेहमी आदरच असतो असंही नाही. 'ते कुत्रं'मधलाही 'ते' हाच. पुढे 'आलं' येतंय की 'आले' यावर सगळी भक्ती लटकलेली. हे मी त्याला सांगणार होतो, पण आधीच गाढव झालं होतं, त्यात कुत्रं नको म्हणून गप्प बसलो.

एकवचनाचं एवढं भय आम्हाला कधीपासून वाटायला लागलं? जनाबाई सातशे वर्षांपूर्वी थेट पांडुरंगाला 'अरे विठ्या' म्हणून गेली, वर 'कारट्या' म्हणाली. तिच्यावर कुणी झाकण आपटलं नाही. तुकाराम स्वतःला नुसता 'तुका' म्हणत राहिले. पुढचे 'बा' आणि 'राय' आपण चिकटवले. वाघोलीच्या रामेश्वर भटांमुळे त्यांच्या वह्या इंद्रायणीत गेल्या असं सांगतात. पुढे त्याच रामेश्वर भटांनी 'आरती तुकारामा' लिहिली. वह्या बुडवायला सांगताना त्यांनी 'तो तुका' म्हटलं असेल की 'ते तुकोबा', कुणास ठाऊक. भिजणाऱ्या कागदांना काय फरक पडणार होता? आणि गाडगेबाबा तर पाया पडू द्यायचे नाहीत, कीर्तनात समोरच्यालाच उलटे प्रश्न विचारायचे. त्यांच्यासाठी कुणी कर्वे रस्ता अडवला असता तर हातातला खराटा घेऊन त्यांनीच तो मोकळा केला असता.

हे मी त्याला थोडक्यात सांगून पाहिलं. तो म्हणाला, "जनाबाईचं वेगळं. ती घरची होती. आपण गणपतीलासुद्धा 'पुढच्या वर्षी लवकर या' म्हणतो. 'ये' म्हणतो का?"

याला माझ्याकडे उत्तर नव्हतं. अजून नाही. याचाच राग जास्त आहे.

"आणि कलम लागतं," तो डबा सरळ करत म्हणाला. "भावना दुखावल्या की आत."

आता गाड्या हलतच नव्हत्या, म्हणून मी मोबाइलवर शोधलं. १९२७ साली दंड संहितेत घातलेलं २९५अ, नव्या न्याय संहितेत २९९. तीन वर्षांपर्यंत कैद. पण त्यात 'बुद्धिपुरस्सर आणि दुष्ट हेतूनं' असं म्हटलंय, एकवचनाबद्दल चकार शब्द नाही. मी ते त्याला मोठ्यानं वाचून दाखवलं. मागचा रिक्षावाला हॉर्न थांबवून ऐकायला लागला.

"हेतू काय होता तुमचा?" त्या रिक्षावाल्यानं विचारलं.

"लॅबमध्ये पोचायचा!"

"मग सुटाल," तो म्हणाला आणि पुन्हा हॉर्नवर हात ठेवला.

तेवढ्यात जीप वळून आमच्या समोर आली. वर महाराज, डोळे मिटलेले, हात उंचावलेला. माझ्या शेजाऱ्यानं दळणाचा डबा गुडघ्यांत घट्ट धरला, चप्पल काढली आणि कपाळापर्यंत हात जोडले. डोळे उघडून माझ्याकडे वळला. "बघितलंत? केसांना कलप लावतात. पण नमस्कार करावा." मीही केला. खोटं कशाला बोलू, घोड्याची लाथ अगदी टप्प्यात होती.

लॅबमध्ये पोचलो तेव्हा दोन तास पस्तीस मिनिटं झाली होती. काउंटरवरच्या मुलीनं घड्याळ पाहिलं, माझी पिठानं पांढरी झालेली पँट पाहिली आणि आत हाक मारली, "अगं, तो शुगरवाला आत्ता उगवलाय! घ्यायचं का त्याचं?"

आतून उत्तर आलं, "नको. उद्या ये म्हणावं त्याला. उपाशी."

शोभायात्रेच्या फलकावर 'तीन दिवसीय सोहळा' असं लिहिलेलं मी जाताना वाचलं होतं. आजचा पहिला.