पाय बिघडलाय? मग केसपण नीट बिघडवा

अंगठ्याच्या बुडाशी वाढलेलं हाड सरळ करून घेतलंत, स्क्रू बसले, बिल भरलं आणि आता ठाण्यातल्या तलावपाळीची एक फेरीपण होत नाहीये. म्हणजे डॉक्टरवर केस करायला हरकत नाही. आता ती हरायची कशी ते सांगतो.

सुरुवात ऑपरेशनच्या आधीच करायची. मेडिक्लेमच्या काउंटरवर दोरीला बांधलेलं पेन असतं, त्याने उभ्याउभ्या संमतीपत्रावर सही ठोका. ‘डावा/उजवा’ यातलं काहीच खोडलेलं नाही, धोक्यांच्या रकान्यात नुसत्या टिंबटिंब रेघा, आणि मागचा माणूस ‘काका, आटपा ना’ करतोय, तर कशाला वाचत बसायचं? धोके आणि दुसरे पर्याय समजावून मगच संमती घ्या असं सुप्रीम कोर्ट २००८ मध्ये समीरा कोहली प्रकरणात म्हणालंय खरं, पण ते दिल्लीत, आपण घोडबंदरला.

घरी येताना फाईल मागू नका. लेखी मागितली की ७२ तासांत कागद द्यावे लागतात, उगाच कशाला त्यांना त्रास? आधीचा एक्स-रे रद्दीत घाला, नाहीतर आधी आणि नंतर शेजारी ठेवून बघता येईल.

पाय दुखतोय म्हणजे डॉक्टरचीच चूक, एवढ्यावर ठाम राहा. सूज कित्येक महिने राहू शकते, ऑपरेशन चांगलं होऊनही बाक परत येऊ शकतो, असलं काही ऐकायचं नाही. तिसऱ्या आठवड्यात ऑपरेशननंतर दिलेला बूट काढून भाचीच्या हळदीत नाचलात ते तर वकिलालापण सांगू नका. दुसऱ्या ऑर्थोपेडिकचं लेखी मत? सोडा. (तोंडी सगळेच ‘अरेरे, हे काय करून ठेवलंय’ म्हणतात, लेटरहेड काढा म्हटलं की त्यांना ओपीडीची घाई होते.)

ग्राहक आयोगात जायला दोन वर्षांची मुदत आहे, ती ‘अजून सहा महिने बघू, सेटल होईल’ ऐकत घालवा. पाच लाखांपर्यंतच्या बिलाला तक्रारीची फी शून्य, आता फुकट म्हणजे काहीतरी गडबड असणारच.

त्यापेक्षा चार पोरं घेऊन जा आणि रिसेप्शनची काच फोडा. २०१० च्या महाराष्ट्राच्या कायद्यात हा अजामीनपात्र गुन्हा आहे, तीन वर्षांपर्यंत कैद होऊ शकते आणि सिद्ध झाला की नुकसानीच्या दुप्पट भरपाई. म्हणजे भरपाई मिळतेच, फक्त हॉस्पिटलला.