सुधाकर पहिला प्याला का घेतो? – एका प्रतिक्रियेला सविस्तर उत्तर

सर, नमस्कार. कॉमेंट सविस्तर लिहिलीत त्याबद्दल मनापासून आभार, उत्तरही तसंच लांबलचक देतोय. मूळ पोस्ट न वाचलेल्यांसाठी आधी तुमचं म्हणणं थोडक्यात सांगतो. राम गणेश गडकऱ्यांच्या 'एकच प्याला' ह्या नाटकावर लिहिताना मी म्हटलं होतं की सुधाकर दारूने बुडण्याआधी अपमानाने बुडालेला असतो. तुमच्या मते हा ओढूनताणून काढलेला अर्थ आहे. गडकऱ्यांनी दारूचे दुष्परिणाम दाखवायला नाटक लिहिलं, कारकून तळीराम खलनायक, सुधाकर त्याचा बळी, सुधाकरची बायको सिंधू सोशिक पतिव्रता, आणि शंभर वर्षांपूर्वीच्या पात्रांना आजचं मानसशास्त्र चिकटवू नये.

नाटक दारूवर आहे हे मला शंभर टक्के मान्य आहे. पण सर, दारूवर नाटक लिहिणाऱ्या माणसाला, एखादा हुशार माणूस दारूकडे वळतो कसा हे दाखवावंच लागतं ना, आणि गडकरी ते इतकं नीट दाखवतात की त्यात बाहेरून काही चिकटवायची गरजच पडत नाही. सुधाकर मजेसाठी पीत नाही, मित्रांच्या आग्रहाखातर पीत नाही. तो वकील आहे, बुद्धिमान आहे, स्वतःच्या हुशारीवर वर आलाय, आणि भर कोर्टात मुन्सफाशी, म्हणजे न्यायाधीशाशी, खटका उडतो आणि त्याची वकिलीची सनद सहा महिन्यांसाठी रद्द होते. फक्त सहा महिने! घर चालेल, बायको पाठीशी आहे, तिचं माहेर श्रीमंत आहे, रामलालसारखा मित्र आहे. हिशोबाने बघितलं तर हे संकट फार मोठं नाहीये. तरी तो त्या दिवशी कोसळतो, कारण त्याचं नुकसान पैशाचं झालेलंच नाहीये, चारचौघांत मान गेलीय, आणि ज्या माणसाने आपली सगळी किंमत आपल्या हुशारीवर आणि लोकांच्या नजरेवर लावलीय त्याला तेवढं पुरतं. तळीराम प्याला पुढे करतो तो नेमका ह्या क्षणी. हाच तळीराम आदल्या महिन्यात त्याच घरात होताच की, कारकून होता त्याचा, रोज समोर होता. तेव्हा का नाही प्यायला सुधाकर?

आता तळीराम. तुम्ही त्याला खलनायक म्हणता, पण खलनायकाला दुसऱ्याच्या नाशातून काहीतरी हवं असतं. देवलांच्या 'झुंझारराव'चं मूळ जे शेक्सपिअरचं 'ऑथेल्लो', त्यातला इयागो घ्या, त्याला बढती डावलल्याचा राग आहे, बायकोवरून संशय आहे, तो प्लॅन करून, पावलं मोजून माणूस संपवतो. तळीरामला सुधाकरच्या नाशातून काय मिळतं? मालक बुडाला तर ह्याचीच नोकरी जाणार. तो स्वतः अट्टल दारुड्या आहे, दारूच दुःखावरचं औषध आहे ह्यावर त्याचा खराखुरा विश्वास आहे, मालकाचं दुःख दिसलं तेव्हा जवळ होतं ते औषध त्याने दिलं. म्हणूनच तो जास्त भीतीदायक वाटतो मला. आर्य मदिरा मंडळात, म्हणजे नाटकातल्या दारुड्यांच्या मंडळात, तो जी भाषणं ठोकतो त्यावर आपण हसतो, पण व्यसनी माणसाची सगळी युक्तिवादाची पद्धत त्यात आहे, आणि शेवटी तोही दारूनेच मरतो. त्याला दोषी ठरवायला माझी काहीच हरकत नाही, पण सगळा दोष त्याच्या खात्यावर टाकला की सुधाकरकडे बघायचंच राहून जातं.

आणि तुमच्या मुद्द्याला सगळ्यात मोठं उत्तर नाटकातच आहे, भगीरथ. ह्याच्याबद्दल तुमच्या कॉमेंटमध्ये एक ओळही नाही. भगीरथ त्याच मंडळातला, प्रेमभंगामुळे तीच दारू पिणारा, आणि तो सुटतो! दारू हीच एकटी शक्ती असती तर तो कसा सुटला असता? रामलाल त्याला नुसता उपदेश करत नाही, लोकांच्या उपयोगी पडायचं काम त्याच्यापुढे ठेवतो, आपली कुणाला तरी गरज आहे ही भावना देतो. सुधाकरला हेच मिळत नाही. तोही मध्ये दारू सोडतो, मनापासून सोडतो, नोकरी शोधायला बाहेर पडतो, आणि लोक त्याला दारुड्या म्हणून झिडकारतात. तो परत पितो तो त्यानंतर. म्हणजे बघा, पहिला प्याला अपमानानंतर आणि सोडलेली दारू परत सुरू होते तीही अपमानानंतर, मग हा योगायोग कसा मानायचा? पाच अंकी नाटक आज तीन तासांत बसवताना कुठेतरी कात्री लागणारच, पण ती भगीरथच्या भागाला लागली की उरतं ते तुम्ही म्हणता तसं सरळसोट दारूविरोधी नाटक, त्यामुळे ते तसं वाटण्यात तुमचा दोष मी मानत नाही.

मानसशास्त्र आजचं आहे म्हणता, तर सुधाकर रामलालला व्यसनाच्या पायऱ्या समजावून सांगतो तो प्रवेश पुन्हा वाचा. स्वतः बुडालेला माणूस आपण कसकसे बुडत गेलो हे इतकं स्वच्छ सांगतो आणि तरी थांबू शकत नाही. नाटक रंगभूमीवर आलं फेब्रुवारी १९१९ मध्ये बडोद्याला, गडकरी गेल्यावर महिन्याभरात. धोका पहिल्या प्याल्यातच आहे, ह्या गोष्टीवर भर देणारी अल्कोहोलिक्स अ‍ॅनॉनिमस ही चळवळ अमेरिकेत सुरू झाली १९३५ साली. गडकऱ्यांना हे कुठल्या पुस्तकातून घ्यावं लागलं नाही, माणसं बघून कळलं.

आणि माणसं आपणही बघितलीच आहेत की. तुम्ही ऐरोलीचे, मी ठाण्यातला, वागळे इस्टेटमधल्या आणि ठाणे-बेलापूर पट्ट्यातल्या कंपन्या बंद पडायला लागल्या तो काळ तुम्हालाही आठवत असेल. आमच्या चाळीत दिवसाढवळ्या घरी बसावं लागलेले बाप होते, डबा घेऊन निघायची वेळ झाली की त्यांचे चेहरे बघवायचे नाहीत. काही जणांनी रिक्षा घेतली, कुणी भाजीची गाडी लावली, आणि काही असे होते की मी सुपरवायझर होतो, मी गाडी लावू का, असं म्हणत राहिले आणि संध्याकाळी गुत्त्यावर दिसायला लागले. त्यांना कुठल्याही तळीरामाने हात धरून नेलं नव्हतं. पुढे गडकरी रंगायतनला प्रयोग बघताना सनदेचा सीन आला तेव्हा मला तीच माणसं दिसत होती, म्हणून हा मुद्दा मी सोडायला तयार नाही.

सिंधूवर मात्र आपलं खरं भांडण आहे. ती पतिव्रता आहे, गडकऱ्यांनी तिला तशीच लिहिलीय, बालगंधर्वांनी ती भूमिका केली तेव्हा प्रेक्षक तिच्या सोसण्यावरच रडले, सगळं मान्य. पण सोशिक म्हणजे तिला हेतूच नाही असं कसं? भाऊ पद्माकर न्यायला येतो, ती जात नाही. माहेरचा पैसा घरात येऊ द्यायचा नाही हे सुधाकरचं म्हणणं, आणि ते ती शपथेसारखं पाळते, दळणं दळते, पोर उपाशी राहतं तरी पाळते. आता हे म्हणणं कुणाचं आहे बघा. ज्या माणसाने स्वतःची कमाई दारूत घालवली तो अजूनही मेहुण्याचा पैसा घ्यायला कमीपणा मानतोय! सगळं गेलं पण ताठा शिल्लक आहे, आणि त्या ताठ्याची किंमत मोजतेय सिंधू आणि ते तान्हं मूल. तिला हे कळत नाही असं मला वाटत नाही. ह्या माणसाजवळ आता एवढा मानच उरलाय हे ती ओळखते आणि तो सांभाळायचा असं ठरवते. मला हा निर्णय पटत नाही, वाचताना संताप येतो, पण निर्णय तिचा आहे. शेवटी सुधाकरच्या हातून मूल जातं, ती स्वतः मरणाच्या दारात असते, फौजदार समोर उभा असतो, आणि ती खोटं बोलून नवऱ्यावर आळ येऊ देत नाही. नुसती सोसणारी बाई गप्प राहिली असती, ही बोलते, विचार करून खोटं बोलते. आणि मला वाटतं तिच्या ह्या खोट्यानेच सुधाकर शेवटचा मोडतो, कारण जगाने केलेल्या अपमानावर त्याच्याकडे दारू होती, हिने जी इज्जत वाचवून दिली तिच्यावर काहीच उपाय नव्हता. त्यानंतर तो विष घातलेला प्याला घेतो, आणि ह्या वेळी आग्रह करायला तळीराम जिवंत सुद्धा नाहीये.

म्हणून सर, दोन प्रश्न विचारतो, सावकाश उत्तर द्या. सनद रद्द झाली त्या दिवशी तळीराम रजेवर असता, तर सुधाकर वाचला असता असं तुम्हाला खरंच वाटतं का? आणि भगीरथ का सुटला, ह्याचं तुमचं कारण काय?