'मुलींना इंजिनिअरिंग फुकट, फी बघूच नका' वाल्या मेसेजला उत्तर

आमच्या दाजींनी परवा घरच्या ग्रुपवर एक मेसेज टाकला आणि खाली लिहिलं, "आपण पण यादी छोटीच करू, आठ-दहा कॉलेजं बास." मेसेज तुम्हालाही आला असेल, सगळीकडे फिरतोय. वर लाल दिव्यांची रांग, मग "९५ पर्सेंटाइलच्या वरच्या मुलांच्या पालकांसाठी, सीईटी सेलमधल्या ओळखीच्या साहेबांकडून" (सीईटी सेल म्हणजे प्रवेश परीक्षा आणि प्रवेश बघणारं राज्याचं सरकारी कार्यालय), आणि तळाला "ऑप्शन फॉर्म भरून मिळेल" म्हणून एक मोबाईल नंबर. साहेबांचं नाव नाही, नंबर मात्र ठळक अक्षरात. भाचीला सीईटीत ९८ च्या वर पर्सेंटाइल आहे, प्रवर्ग ओबीसी, दाजींचं बार्शीत छोटं दुकान, वर्षाचं उत्पन्न आठ लाखांच्या बरंच आत. म्हणजे या मेसेजने सगळ्यात जास्त वाट लागेल ती नेमकी अशाच घराची. दाजींना फोनवर समजावलं तर "बघू" म्हणाले, म्हणून हे सगळं लिहून काढतोय.

मेसेजचं म्हणणं असं: मुलींना इंजिनिअरिंग आता पूर्ण मोफत, त्यामुळे फी न बघता नावाजलेली कॉलेजं टाका, कॅपमध्ये (सीईटी सेलच्या केंद्रीय प्रवेश फेऱ्यांत) नाही लागलं तर थेट कॉलेजात जाऊन सीट घ्या, फी माफच आहे. दहापेक्षा जास्त ऑप्शन (कॉलेज-ब्रँचच्या पसंती) भरू नका, नाहीतर कॉम्प्युटर खालचं कॉलेज गळ्यात मारतो. टीएफडब्ल्यूएसच्या (ट्यूशन माफ असलेल्या वेगळ्या जागांच्या) वाटेला जाऊ नका, ती 'गरिबांची सीट'. आयआयटी-एनआयटी आपल्या ऐपतीबाहेर, त्यापेक्षा प्रायव्हेट युनिव्हर्सिटी १०० टक्के स्कॉलरशिप देतात. आणि लोन म्हणजे घर गहाण.

आधी फुकटचं बघू, कारण खरा खड्डा तिथेच आहे.

उच्च व तंत्रशिक्षण विभागाचा ८ जुलै २०२४ चा जीआर आहे, सरकारच्या वेबसाईटवर मराठीतच आहे, कुणालाही वाचता येतो. पण मेसेज पुढे ढकलणाऱ्या शंभर जणांत एकाने तरी तो उघडलाय का मला शंका आहे. त्यात लिहिलंय काय? ईडब्ल्यूएस (आर्थिक दुर्बल), एसईबीसी (मराठा आरक्षणाचा गट) आणि ओबीसी या गटांतल्या, कुटुंबाचं वार्षिक उत्पन्न आठ लाखांपर्यंत असलेल्या मुलींना व्यावसायिक अभ्यासक्रमांच्या शिक्षण शुल्कात आणि परीक्षा शुल्कात आधी ५० टक्के सवलत होती ती २०२४-२५ पासून १०० टक्के केली. (एससी, एसटी वगैरेंच्या योजना वेगळ्या आणि आधीपासूनच्या.) प्रवेश कॅपमधून झालेला पाहिजे. व्यवस्थापन कोट्यातले आणि संस्थास्तरावरचे (म्हणजे थेट कॉलेजात जाऊन घेतलेले) प्रवेश स्पष्ट शब्दांत वगळलेत. खाजगी अभिमत विद्यापीठं आणि स्वयंअर्थसहाय्यित विद्यापीठंही वगळलीत.

म्हणजे मेसेजमधलं "थेट कॉलेजात जाऊन सीट घ्या, फी माफच आहे" हे वाक्य सरळ सरळ खोटं आहे. थेट जाऊन सीट घेतली की माफी गेली. अर्धी नाही, पूर्ण गेली. पुढच्या वर्षी अर्ज करून परत मिळेल असंही नाही, कारण तुमचा प्रवेशच त्या वाटेने झालेला नाही.

दुसरं, 'पूर्ण मोफत' म्हणजे काय काय मोफत? ट्यूशन आणि परीक्षा, एवढंच. शुल्क नियामक प्राधिकरण, ज्याला सगळे एफआरए म्हणतात, ते विनाअनुदानित कॉलेजांची फी ठरवून वेबसाईटवर टाकतं, तो तक्ता उघडा. त्यात ट्यूशन फी वेगळी आणि डेव्हलपमेंट फी वेगळी दाखवलेली असते. डेव्हलपमेंट तुमच्या खिशातून. हॉस्टेल, मेस, पुस्तकं, लॅपटॉप, सुट्टीला गावी येणं-जाणं, सगळं तुमच्या खिशातून.

दाजींसाठी मी कागदावर मांडलं ते इथेही मांडतो, आकडे नमुन्याचे आहेत, आपल्या कॉलेजचे खरे आकडे तक्त्यातून घाला. समजा पुण्यातल्या एका कॉलेजची फी १ लाख ४० हजार, त्यात ट्यूशन १ लाख २५ हजार आणि डेव्हलपमेंट १५ हजार. राहणं-खाणं वर्षाला ९० हजार धरा. मुलगी कॅपमधून गेली तर वर्षाला १ लाख ५ हजार. तीच मुलगी संस्थास्तरावर गेली तर २ लाख ३० हजार. चार वर्षांत पाच लाखांचा फरक, आणि कॉलेज तेच, वर्ग तोच, मास्तरही तेच!

आणि यातून एक गोष्ट निघते जी मेसेजवाल्याच्या डोक्यातही आली नसेल. ज्या मुलीला हा जीआर लागू होतो तिच्यासाठी कॉलेजा-कॉलेजातला ट्यूशनचा फरक जवळपास पुसला जातो आणि खर्च ठरतो तो डेव्हलपमेंट फी आणि राहण्या-खाण्यावर. म्हणजे यादी करताना 'कॉलेजची फी किती' हा प्रश्न तिच्यासाठी मागे पडतो, 'कॅम्पसवर मुलींचं हॉस्टेल आहे का आणि पहिल्या वर्षाला मिळतं का' हा पुढे येतो. कॅम्पसवरचं हॉस्टेल आणि पुण्यातला पीजी यात महिन्याला काही हजारांचा फरक सहज पडतो. उलट खुल्या गटातल्या मुलाला, उत्पन्न आठ लाखांच्या आत असलं तरी, राजर्षी शाहू शिष्यवृत्तीतून निम्मी ट्यूशन मिळते, त्यामुळे त्याची यादी वेगळी होणार, तिथे सरकारी आणि अनुदानित कॉलेजं वर सरकणार. दोघांना एकच पर्सेंटाइल असेल तरी यादी एक नसते. आणि हा मेसेज सगळ्यांना एकच यादी वाटत सुटलाय.

आता दहा ऑप्शनवाला मुद्दा. "कॉम्प्युटरला वाटतं मुलगी कुठेही जायला तयार आहे." अहो कॉम्प्युटरला काही वाटत नाही! मेरिटप्रमाणे मुलीचा नंबर आला की तिची यादी वरून खाली तपासली जाते, पहिली जिथे जागा शिल्लक आहे ती मिळते, विषय संपला. समजा तिने एक नंबरला पुण्याच्या सीओईपीतलं कॉम्प्युटर टाकलं, तिथल्या जागा भरलेल्या. दोनला मुंबईचं व्हीजेटीआय, तेही भरलेलं. असं करत करत चौदाव्या नंबरला कराडचं गव्हर्नमेंट कॉलेज होतं, तिथे जागा आहे, मिळालं. यादी दहावर थांबवली असती तर सीओईपी मिळालं असतं का? नाही, त्या राउंडला काहीच मिळालं नसतं. खालचा ऑप्शन वरच्याला हातही लावत नाही. फॉर्ममध्ये तीनशेपर्यंत ऑप्शन भरायची सोय आहे ती काय शोभेला ठेवलीये का?

आणि आता हे दोन मुद्दे जोडून बघा. यादी छोटी ठेवा, कॅपमध्ये काही लागत नाही, पालक घाबरतात, मग थेट कॉलेजात जा आणि सीट घ्या. फी माफी गायब, आणि मध्ये कुणीतरी 'सीट करून देणारा' उभा. तळातला तो नंबर कशासाठी होता ते कळलं? मुद्दाम केलंय का ते मी सिद्ध करू शकत नाही, पण सगळे सल्ले एकाच दाराशी जातात हे खरं.

बरं, नाईलाजाने एक कबूल करतो, या मुद्द्यात अर्धं खरं आहे. यादी लांब असावी, पण तिचा वरचा भाग फार जपून लिहायचा असतो. २०२५-२६ च्या नियमात चार राउंड होते आणि पहिल्या राउंडला पहिला ऑप्शन लागला तर सीट आपोआप फ्रीझ (म्हणजे तीच पक्की), दुसऱ्याला पहिल्या तीनपैकी लागला तर फ्रीझ, तिसऱ्याला पहिल्या सहापैकी. फ्रीझ झालेली सीट घेतली नाही तर पुढच्या कॅप राउंडमधून बाहेर. यंदाचं ब्रोशर आलं की ते वाचाच, नियम दरवर्षी हलतात. तेव्हा पहिल्या सहात 'बघू तरी लागतंय का' म्हणून न परवडणारं काही टाकू नका, कारण लागलं तर तेच घ्यावं लागेल. पहिल्या सहातलं प्रत्येक कॉलेज असं हवं की त्याचं चार वर्षांचं बिल घरात आधीच बोलून झालंय.

कटऑफची पीडीएफ बघतानाही लोक गंडतात. मुलीसाठी फक्त जी ने सुरू होणारा रकाना बघून थांबायचं नाही, एल ने सुरू होणाराही बघायचा, त्या मुलींच्या राखीव जागा. शेवटचं अक्षर एच म्हणजे होम युनिव्हर्सिटी, ओ म्हणजे बाहेरची, एस म्हणजे राज्यस्तर. होम युनिव्हर्सिटी ठरते बारावी जिथून केली त्यावरून, घर कुठे आहे त्यावरून नाही. बार्शीची मुलगी लातूरला बारावी करून आली तर तिची होम युनिव्हर्सिटी सोलापूर नाही, नांदेडची. ही एक गोष्ट चुकली की अख्ख्या यादीचा अंदाज चुकतो.

टीएफडब्ल्यूएस 'गरिबांची सीट' म्हणे. आठ लाखांच्या आत उत्पन्न असलेल्या महाराष्ट्रातल्या कुठल्याही जातीच्या मुलासाठी मेरिटवर भरल्या जाणाऱ्या या जागा, मंजूर जागांच्या वर पाच टक्के, ट्यूशन माफ. चांगल्या कॉलेजांत यांचा कटऑफ खुल्या जागेपेक्षा वर जातो, म्हणजे 'गरिबांची सीट' मिळवायला उलट जास्त मार्क लागतात! डिग्रीवर कसलाही शिक्का नसतो. एक अडचण खरी आहे, या सीटवर नंतर कॉलेज किंवा ब्रँच बदलता येत नाही, तेव्हा नको असलेल्या ब्रँचला घेऊ नका. भाचीला जीआरमुळे ट्यूशन तशीही माफ आहे, तिला याची फारशी गरज नाही, पण दाजींच्या पुतण्यासाठी सांगतो: शेवटी टी असलेला चॉइस कोड (फॉर्ममधला कॉलेज-ब्रँचचा नंबर) वेगळा भरावा लागतो, आणि त्याच कॉलेजच्या त्याच ब्रँचच्या साध्या कोडच्या वर भरायचा. खाली भरला तर साधी सीट आधी लागेल आणि वर्षाला निम्मी ट्यूशन उगाच भरत बसाल.

बाकीचं पटकन. आयआयटीची ट्यूशन २०१६ पासून वर्षाला दोन लाख आहे हे बरोबर, पण उत्पन्न एक लाखाच्या आत असेल तर पूर्ण माफ, एक ते पाच लाखांत दोन तृतीयांश माफ, एससी-एसटी आणि दिव्यांगांना पूर्ण माफ. एनआयटीत वर्षाला सव्वा लाख आणि सवलती तशाच, आणि नागपूरचं व्हीएनआयटी एनआयटीच आहे. जेईईत बरा रँक असेल तर जोसाचा (आयआयटी-एनआयटीच्या केंद्रीय प्रवेशाचा) फॉर्मही भरा, कॅपच्या आड तो येत नाही. प्रायव्हेट युनिव्हर्सिटीची १०० टक्के स्कॉलरशिप कधीकधी खरी असतेही, पण ती दरवर्षी किती सीजीपीए राखला तर चालू राहते आणि हॉस्टेल त्यात आहे का, हे लेखी घ्या, काउंटरवरच्या गोड बोलण्यावर जाऊ नका. लोनचं म्हणाल तर केंद्राची पीएम विद्यालक्ष्मी योजना नोव्हेंबर २०२४ मध्ये मंजूर झाली, यादीतल्या संस्थांत प्रवेश असेल तर तारण नाही, जामीनदार नाही, आठ लाखांच्या आत उत्पन्न असेल तर दहा लाखांपर्यंतच्या कर्जावर तीन टक्के व्याज सवलत. म्हणजे घर गहाण टाकायची वेळच येत नाही, पण ती यादी आधी तपासा.

दाजी, फॉर्म सुरू व्हायच्या आधी एकच काम करा, या वर्षीचा तहसीलदारांचा उत्पन्नाचा दाखला आणि ओबीसीचं नॉन-क्रीमी लेयर काढायला टाका. निकालानंतर सेतूत जी झुंबड उडते तिच्यात हा कागद अडकतो, आणि कागद नसेल तर मुलगी आपोआप खुल्या गटात. महाडीबीटीचा (राज्याच्या शिष्यवृत्ती पोर्टलचा) अर्ज दरवर्षी नव्याने भरायचा, बँक खातं आधारला जोडलेलं पाहिजे. यादी मी आणि ती रविवारी बसून करतो, तुम्ही एफआरएचा तक्ता प्रिंट मारून आणा. आणि त्या नंबरवर फोन केला असेल तर पैसे अजून दिले नाहीत ना, ते आधी सांगा.