मृगाच्या पहिल्याच दिवशी सगळे बी पेरावे काय?

मे महिना सरू लागला की परसबागेविषयीचा एक संदेश घरोघरी फिरू लागतो. त्याचा आशय असा : मृग नक्षत्र लागताच सर्व भाज्यांचे बी एकाच दिवशी पेरावे, ते विकत न आणता स्वयंपाकघरातील भाज्यांतूनच काढावे, खत म्हणून चहाचा चोथा आणि अंड्यांची टरफले पुरतात, पावसाळ्यात पाणी घालावे लागत नाही, आणि दहा कुंड्यांत चौघांच्या घराची भाजी महिनाभरात सुरू होते. संदेशामागचा हेतू चांगला आहे. पण त्याबरहुकूम पेरणी करणारी माणसे ऑगस्टपर्यंत हिरमुसतात आणि आपल्या हाताला यश नाही असे समजून बागच सोडून देतात, याचे मला मनापासून वाईट वाटते.

सर्वांत मोठी चूक ‘एकाच दिवशी’ या सल्ल्यात आहे. मृग ७-८ जूनच्या सुमारास लागते आणि भेंडी, गवार, चवळी, दोडका, कारले, काकडी यांना तो काळ मानवतो, हे खरेच आहे. मात्र वाटाणा, फ्लॉवर आणि कोबी यांना थंडी लागते, त्यामुळे त्यांची तयारी सप्टेंबर-ऑक्टोबरमध्ये करावी. कोथिंबिरीची कोवळी रोपे कोकणातल्या किंवा घाटमाथ्याच्या मुसळधार पावसात मानेशी कुजून आडवी होतात. वालाच्या अनेक गावरान जाती तर दिवस लहान होऊ लागल्याशिवाय फुलतच नाहीत. जूनमध्ये लावलेला वेल दिवाळीच्या सुमारापर्यंत नुसता पाला वाढवत राहिला, तर त्यात खताचाही दोष नसतो आणि लावणाऱ्याचाही. वांगी आणि मिरची यांचे बी थेट कुंडीत टाकण्याऐवजी आडोशाला रोपे तयार करावीत. त्याला चार ते सहा आठवडे लागतात, म्हणून जुलैत लावणी करायची असेल तर बी मृगाची वाट न पाहता मे अखेरीसच टाकायला हवे.

बी स्वयंपाकघरातून काढण्याचा सल्ला अर्धाच खरा आहे. मेथीदाणे उगवतात, धणे हलके रगडून त्यांच्या दोन फाकी केल्या की तेही उगवतात. पण बाजारातील भेंडी, दोडका, काकडी आपण कोवळी पाहून घेतो आणि त्यांतले बी तयार झालेलेच नसते. ते फळ झाडावर जून होऊन वाळावे लागते. पिकलेल्या टोमॅटोचे बी उगवते खरे, परंतु बाजारातील बहुतेक टोमॅटो संकरित वाणांचे असल्यामुळे पुढच्या पिढीची फळे तशीच येतील याची खात्री नसते. फुकट बी हवे असेल, तर शेजारीपाजारी किंवा गावाकडे जपलेले गावरान बी मागून घ्यावे. अकोले तालुक्यातील कोंभाळणे येथील राहीबाई पोपेरे यांना २०२० मध्ये पद्मश्री जाहीर झाली, ती असे बी जपण्याच्या कामासाठीच.

खताच्या मुद्द्यावर थोडक्यात सांगायचे, तर टरफलांतील कॅल्शियम फार सावकाश सुटते, आणि आपल्याकडच्या बहुतेक काळ्या मातीत चुनखडी मुळातच पुरेशी असते. साखरेच्या चहाचा चोथा धुऊन, कुजवून वापरावा, नाहीतर मुंग्या होतात. या दोन्हींच्या भरवशावर न राहता मातीत भरपूर कुजलेले शेणखत किंवा गांडूळखत मिसळावे.

दहा कुंड्यांचा हिशोब तर कागदावरही जुळत नाही. माणशी रोज ३०० ग्रॅम भाजी धरली, तरी चौघांना दिवसाला १.२ किलो लागते. फूटभर खोल कुंडीत भेंडीची दोन झाडे नीट वाढतात आणि बहरातही दिवसाआड चार-सहा भेंड्या देतात, त्याही पेरणीनंतर ४५-५० दिवसांनी. महिनाभरात हाती येतो तो माठ, मेथी यांसारखा पालाच. म्हणून कुंड्या थोड्या असतील, तर रोज चिमूटभर लागणारे आणि विकत आणल्यावर वाया जाणारे आधी लावावे : मिरची, पुदिना, कढीपत्ता, अळू. फळभाज्यांसाठी सहा तास ऊन येणारी जागाच राखून ठेवावी.

पाण्याविषयीचा सल्ला पाळण्यात सर्वाधिक धोका आहे. छज्जाखालच्या कुंडीला पाऊस लागतच नाही, आणि जुलैत पावसाने आठवडाभर ओढ दिली की उघड्यावरचीही कुंडी कोरडी पडते. बोट दोन पेरे खुपसून माती कोरडी लागली तर पाणी घालावे. उलट संततधारेत मुळे कुजतात, त्यामुळे तळाचे भोक मोकळे आहे ना, हे कुंडी रिकामी असतानाच पाहावे आणि त्यावर खापराचा तुकडा पालथा ठेवून मगच माती भरावी.