पाचोळ्याची पारख

कन्या शिक्षणासाठी बंगळुरूला गेली, तेव्हा माझ्या स्वाधीन एक झाकणाचा डबा करून गेली. त्यात साठेक आयसोपॉड, म्हणजे पाचोळ्यात राहणारे बहुपायी चिमुकले जीव, आणि पाच पैसा-किडे नांदत होते. "खाण्याचे काहीच झंझट नाही, बाबा, नुसता पाचोळा घालायचा," असे तिने सांगितले आणि ज्या माणसाला उभ्या आयुष्यात एक कलिंगड धड निवडता आले नाही, त्याच्यावर पाचोळा निवडण्याची जबाबदारी येऊन पडली.

पहिल्याच दिवशी मी सोसायटीच्या फाटकापाशी पडलेला कडुनिंबाचा पाला मोठ्या अभिमानाने भरून आणला. फोनवर त्याचा फोटो पाहताच कन्या किंचाळली. धान्याला कीड लागू नये म्हणून माझी आजी कणगीत जो पाला घालत असे, नेमका तोच मी किड्यांच्या पंगतीला वाढायला निघालो होतो. त्यानंतर निलगिरी तिच्या तेलापायी बाद झाली आणि कण्हेर विषारी म्हणून. दारावरचे वाळके आंब्याचे तोरणही नापास झाले, कारण झाड पान गाळण्यापूर्वी त्यातला बराचसा कस काढून घेते, तर हिरवे तोडून वाळवलेल्या पानात तो तसाच राहतो आणि ओलाव्यात त्यावर चटकन बुरशी धरते. एका स्नेह्याच्या बागेतली आपोआप गळलेली पाने आणली, तर तिथे मोहोरावर तुडतुड्यांसाठी फवारणी झालेली! स्वतःची विष्ठा पुन्हा आनंदाने खाणाऱ्या प्राण्यांचे हे सोवळे पाहून मी थक्क झालो.

अखेर देशी बदामाची लाल-तपकिरी होऊन गळलेली पाने आणि त्यांच्या जोडीला फणसाची थोडी, असा मेनू ठरला. मात्र त्यातून कोळी-माइट आत जाऊ नयेत म्हणून पाने उकळणे आले. पातेल्यातले पाणी चहासारखे लालसर झालेले पाहून आईने "काढा कोणासाठी?" असे विचारले. मीही भोळेपणाने सांगून टाकले की आयसोपॉड हे कीटक नव्हेत, ते खेकडा-कोळंबीचे भाऊबंद असून कल्ल्यांसारख्या अवयवांनी श्वास घेतात. त्या क्षणापासून आमच्या शाकाहारी स्वयंपाकघरात त्या पातेल्याला प्रवेश उरलेला नाही.

आता मी रोज सकाळी बदामाखाली वाकून एकेक पान उन्हाकडे धरून तपासतो. झाडणाऱ्या मावशींनी महिनाभर हे मुकाट्याने पाहिले. काल मात्र त्यांनी एक भरलेले पोते माझ्यापुढे ठेवले. "साहेब, हा निव्वळ बदाम आहे. निलगिरीची दोन पाने आली होती, ती मी काढून टाकली." मी आभार मानेपर्यंत त्यांनी माझ्या पिशवीत डोकावून मी तासभर वेचलेल्या पानांतली चार पाने उचलली आणि काही न बोलता कचऱ्याच्या ढिगावर टाकली.