डेव्हलपिंगचा वेळ विचारला की सगळे रोलचाच सांगतात

शीट फिल्म (रोल नव्हे, मोठ्या कॅमेऱ्यातली सुट्या पानासारखी फिल्म) किती मिनिटं डेव्हलप करायची, या साध्या प्रश्नाचं एक धड उत्तर मिळू नये याचा आता खरंच संताप येतो. उत्तरं मिळत नाहीत असं नाही, ढिगानं मिळतात. तीच फिल्म, तोच डेव्हलपर (डेव्हलप करायचं रसायन), तेच डायल्यूशन (त्यात पाणी मिसळायचं प्रमाण). कुणी 5 मिनिटं सांगतो, कुणी साडेसात, कुणी 9, आणि तिघेही छातीठोकपणे. कशात केलं, किती हलवलं, तापमान काय होतं, प्रिंट कशावर काढली, यातलं एक अक्षर कुणी बोलत नाही. आकडा फेकला की यांचं काम झालं.

तक्ते उघडा. 35 एमएम आणि 120 हे रोल, आणि शीट, असे तीन रकाने असतात आणि कितीतरी ठिकाणी तिन्हीत तोच आकडा. इमल्शन (फिल्मवरचा प्रकाश टिपणारा थर) एकच असेल तर तोच आकडा येणार, हे मान्य. पण तो आकडा मोजला कशात? इलफर्डची एचपी5 प्लस फिल्म, आयडी-11 डेव्हलपरमध्ये 1+1 (डेव्हलपरइतकंच पाणी), 20 अंश सेल्सिअसला 13 मिनिटं. बरोबर आहे, छापील आकडा आहे. पण तो स्पायरल टाकीचा, म्हणजे रोल गुंडाळून ठेवायच्या बंद डब्याचा आहे: दर मिनिटाच्या पहिल्या 10 सेकंदांत टाकी चार वेळा उलटीसुलटी करायची, बाकी वेळ तशीच ठेवायची. मी 4×5 इंचांच्या शीट उघड्या ट्रेमध्ये करतो. ट्रेमध्ये हात थांबतच नाही. सतत हलवत असाल तर वेळ 15 टक्क्यांपर्यंत कमी करावा लागू शकतो, ही सूचना इलफर्डच्या स्वतःच्या डेटाशीटमध्ये छापलेली आहे. म्हणजे 13 चे 11 च्या आसपास येणार. तक्ता उतरवणाऱ्यांनी आकडा तेवढा उचलला आणि ही ओळ सोडून दिली. आणि ट्रेवाल्याला नेमकी तीच ओळ हवी असते!

ज्यांनी आयुष्यात एकही शीट ट्रेमध्ये घातलेली नाही, त्यांनी उंटावरून शेळ्या हाकू नयेत, एवढंच म्हणणं आहे. ट्रेमध्ये काय चालतं ते ऐका. पूर्ण काळोख, कारण पॅनक्रोमॅटिक, म्हणजे सगळे रंग टिपणाऱ्या फिल्मला लाल दिवाही चालत नाही. सहा शीट एकावर एक. इमल्शनची बाजू वर. सगळ्यात खालची शीट अलगद ओढून वर आणायची, बोटांनी सपाट दाबायची, मग पुढची, मग पुढची. कोपरा दुसऱ्या शीटच्या इमल्शनला लागला की ओरखडा पडलाच. पहिली शीट कोणती हे ओळखू यावं म्हणून तिचा खाचांचा कोपरा बाकीच्यांच्या उलट दिशेला ठेवायचा. सहाही शीट आत जाईपर्यंत सहज अर्धं मिनिट जातं. रोलवाला टाकीत दहा-पंधरा सेकंदांत द्रव ओततो आणि मोकळा होतो. आता ट्रेवाल्या माणसाला तुम्ही ‘5 मिनिटं’ सांगता? अर्धं मिनिट म्हणजे 5 मिनिटांचे 10 टक्के! पहिल्या आणि शेवटच्या शीटमध्ये फरक पडणार नाही तर काय? आत घातलेल्या क्रमानेच बाहेर काढल्या तर तो भरून निघतो, पण तेसुद्धा काळोखात घाई न करता जमायला हवं. 5 मिनिटांच्या आतले वेळ टाळा, डेव्हलपिंग सारखं होत नाही, हे फिल्म कंपन्या वर्षानुवर्षं सांगत आल्या आहेत. तरी शीटच्या रकान्यात पावणेचार मिनिटं बिनधास्त ठोकून देतात.

पावणेचार मिनिटांचा विषय निघालाच आहे तर कोडॅकच्या ट्राय-एक्स फिल्मचं बोलू. रोलमध्ये मिळते ती ट्राय-एक्स 400. शीटमध्ये मिळते ती ट्राय-एक्स 320. ही वेगळी इमल्शनं आहेत, नुसतं आकड्याचं लेबल बदललेलं नाही. 320 चा वक्र (किती प्रकाशाला फिल्म किती काळी होते त्याचा आलेख) वेगळा आहे, शॅडोकडे (दृश्यातल्या गडद भागाकडे) हळू चढतो आणि हायलाइटकडे (उजळ भागाकडे) जास्त उभा होतो. 400 चा वेळ 320 ला लावला तर काय होईल हे सांगायला ज्योतिषी नको. तरीही विचारा ‘ट्राय-एक्स शीटला किती?’, की पहिला येणारा रोलचाच वेळ सांगून जातो. त्याला टोकलं की म्हणतो, ‘ट्राय-एक्स ती ट्राय-एक्स.’ अरे, डबा तरी नीट वाचा!

डायल्यूशनचा घोळ तर याहून भयंकर. एचसी-110 या डेव्हलपरचं बी डायल्यूशन म्हणजे मूळ घट्ट द्रवाचा 1 भाग आणि पाणी 31 भाग. जुन्या पद्धतीत आधी घट्ट द्रव 1 भागाला 3 भाग पाणी घालून स्टॉक बनवायचे आणि मग त्या स्टॉकचा 1 भाग आणि पाणी 7 भाग. दोन्ही एकच. पण आता कुणीतरी जुन्या कागदावरून ‘बी म्हणजे 1:7’ एवढंच उतरवतो आणि स्टॉकचा उल्लेख गाळतो. नवीन माणूस घट्ट द्रवच 1:7 करतो. चौपट तीव्र डेव्हलपर! त्याची निगेटिव्ह काळीकुट्ट निघते आणि वर त्यालाच ऐकवलं जातं की तापमान सांभाळलं नसेल. मिलिलिटरमध्ये लिहायला काय जातं? ‘एक लिटर तयार द्रवात मूळ द्रव अमुक मिली’, संपलं. शिवाय किती द्रवात किती शीट केल्या हेही लिहा. 8×10 ची एक शीट म्हणजे 80 चौरस इंच, 4×5 च्या चार शीट, किंवा एक अख्खा रोल. थोड्याशाच, पातळ द्रवात सहा शीट कोंबल्या तर डेव्हलपर मध्येच दमतो आणि मग तो ‘माझा वेळ’ इतर कुणाच्याच कामाचा राहत नाही.

प्री-सोक, म्हणजे डेव्हलपरच्या आधी फिल्म पाण्यात भिजवणं, त्याबद्दल विचारूच नका. ड्रमवाले (फिरत्या ड्रममध्ये, म्हणजे रोटरीत डेव्हलप करणारे) म्हणतात 5 मिनिटं पाण्यात भिजवल्याशिवाय वेळ जुळणारच नाहीत. फिल्मवाले म्हणतात रोटरीत प्री-सोक नकोच. ठीक आहे, दोघांची कारणं असतील. पण वेळ सांगताना तुम्ही भिजवली होती की नाही हे तीन शब्दांत सांगता येत नाही?

आणि आता मुख्य गोष्ट, जिच्यावर मला सगळ्यात जास्त बोलायचंय. वेळ कशासाठी ठरवायचा? प्रिंटसाठी. काँटॅक्ट प्रिंट, डिफ्यूजन एन्लार्जर (पसरलेल्या उजेडाचा), काँडेन्सर एन्लार्जर (भिंगांनी एकवटलेल्या उजेडाचा), प्लॅटिनम, सॉल्ट प्रिंट, यांतल्या प्रत्येकाला वेगळ्या काँट्रास्टची (गडद-उजळ यांतल्या फरकाची) निगेटिव्ह लागते. काँडेन्सरला मऊ (कमी काँट्रास्टची) हवी, डिफ्यूजनला थोडी कडक, आणि प्लॅटिनमला इतकी कडक की ती साध्या सिल्व्हर कागदावर नीट छापतासुद्धा येणार नाही. हर्टर आणि ड्रिफील्ड या संशोधकांनी 1890 मध्ये एक्स्पोजर, डेन्सिटी (फिल्मचा काळेपणा) आणि डेव्हलपिंगचा वेळ यांचा संबंध वक्र काढून मांडला. ॲन्सेल ॲडम्स आणि फ्रेड आर्चर या छायाचित्रकारांनी 1940 च्या सुमारास झोन सिस्टिम बसवली, तिचा पायाच हा: एक्स्पोजर शॅडोसाठी, डेव्हलपिंग हायलाइटसाठी. सव्वाशेहून जास्त वर्षं माहीत असलेली गोष्ट आहे ही. वेळ म्हणजे काँट्रास्ट. मग काँट्रास्टचा पत्ता नसलेला वेळ घेऊन मी करू काय?

यात स्कॅनवाल्यांनी भर घातली. निगेटिव्ह स्कॅन करायची, सॉफ्टवेअरमध्ये दोन टोकं ओढायची, झालं. अशा पद्धतीत 6 मिनिटंही चालतात आणि 10 ही चालतात. स्कॅन करण्यावर माझा राग नाही, जरूर करा. पण मग ‘हाच वेळ अचूक आहे, मी नेहमी हाच वापरतो’ असं गर्जून सांगू नका. तुमच्या वेळाची परीक्षा कागदावर कधी झालेलीच नाही. तो वेळ वापरून मी ग्रेड 2 च्या (मध्यम काँट्रास्टच्या) कागदावर प्रिंट काढायला गेलो की आकाश कोरं पांढरं येतं, कितीही बर्न करा (त्या भागाला जास्त उजेड द्या), ढग येत नाहीत.

एवढं सगळं बोललं की ठरलेलं उत्तर येतं: स्वतः चाचणी करा. करतोच हो! स्टेप वेज (पायरीपायरीने गडद होत जाणारी पट्टी) घेऊन पाच शीट एक्स्पोज करायच्या, 4, साडेपाच, 8, 11 आणि 16 मिनिटं डेव्हलप करायच्या, डेन्सिटी मोजायच्या, वक्र काढायचे. एका फिल्म-डेव्हलपरच्या एका जोडीला पाच शीट. डायल्यूशन बदललं, पुन्हा पाच. ट्रेऐवजी ड्रम घेतला, पुन्हा पाच. चाचणीला ना नाही, पण ती सुरू कुठून करायची हे तरी कळायला नको? आणि ज्यांनी अशी चाचणी केलेली आहे ते वक्र आणि अटी स्वतःपाशी ठेवून एकच आकडा बाहेर का टाकतात? मेहनत केलीच आहे तर चार ओळी जास्त लिहा. ट्रे की ड्रम, हलवणं सतत की थांबून, किती अंश, किती मिली, भिजवली का, प्रिंट कशावर. तेवढं सांगितलं की 15 टक्के इकडे-तिकडे करून माझं मी बघून घेईन.

ते मिळत नाही म्हणून प्रत्येक दृश्याच्या दोन शीट काढतो. पहिली डेव्हलप करायची, बघायची आणि तिच्यावरून दुसरीचा वेळ दुरुस्त करायचा. खाचखळग्यांतून ट्रायपॉड आणि कॅमेरा वाहून न्यायचा, तासभर उजेडाची वाट बघायची, आणि हातातली अर्धी फिल्म कुणीतरी अर्धवट लिहिलेल्या आकड्याची खातरजमा करण्यात घालवायची. हे आता अजिबात सहन होत नाही.