तिळाचं पाकीट

एप्रिल २०२४ मध्ये हाँगकाँग आणि सिंगापूरने आपल्या दोन मोठ्या ब्रँडचे काही मसाले इथिलीन ऑक्साइड हा जंतू मारायचा वायू सापडल्याने विक्रीतून काढायला लावले. तेव्हापासून आमच्या घरच्या ग्रुपवर एकच पालुपद: आपला माल बाहेरच्यांना खुपतो, हा कट आहे. मामेभाऊ दर वेळी मलाच विचारतो, ‘अमेरिकेत चालतं, मग तुमच्या युरोपला काय टोचतं?’

दादा, तुझा मुद्दा खोटा नाही. मसाल्यात किलोमागे ७ मिलिग्रॅमपर्यंत त्याचा अंश अमेरिका चालवून घेते. तिळासाठी युरोपची मर्यादा आहे ०.०५. पण ही मर्यादा माल जहाजावर चढवताना आपल्याला ठाऊक होती ना?

सप्टेंबर २०२० मध्ये बेल्जियमने भारतीय तिळात हेच रसायन सापडल्याचं कळवलं आणि पुढचे कित्येक महिने तीळ लावलेले पाव, क्रॅकर्स परत मागवले जात होते. इथे नेदरलँड्समध्ये, उट्रेख्टला, आमच्या दुकानात स्टाटिगेल्डच्या, म्हणजे रिकाम्या बाटल्यांची अनामत परत देणाऱ्या मशिनशेजारी त्याचा कागद लागला होता. जेवणाच्या सुट्टीत एक सहकारी म्हणाली, ‘तुमच्याकडचे तीळ ना?’ मी मान खाली घालून डबा खात राहिले. त्याच ऑक्टोबरपासून आपल्या तिळाच्या निम्म्या खेपा युरोपच्या सीमेवर तपासायला लागल्या, वर सरकारी प्रमाणपत्राची सक्ती. बंदरात अडकलेल्या प्रत्येक दिवसाचं भाडं चढतं, आणि खरेदीदाराला आफ्रिकेतला तीळ मिळतोच. स्पर्धेत आपण मागे पडतो ते असे.

हा वायू वापरतात तो साल्मोनेलासारखे पोट बिघडवणारे जंतू मारायला. वाफेनेही ते काम होतं, पण यंत्र महाग, आणि वाफ नीट सांभाळली नाही तर मसाल्याचा रंग-वास उतरतो. लहान कारखानदाराला ते यंत्र परवडेल कसं, यावर ग्रुपवर एक ओळ नाही. नाशिकच्या बागायतदारांनी २०१० मध्ये क्लोरमेक्वाट या वेलीची वाढ रोखणाऱ्या रसायनाच्या अंशापायी द्राक्षांचे कंटेनर युरोपात अडकलेले पाहिले. त्यांनी तपासण्या वाढवल्या, आणि आज ग्रेपनेट या निर्यात द्राक्षांच्या सरकारी ऑनलाइन नोंदणीमुळे पेटीवरून बागेपर्यंत माग काढता येतो. मार्चमध्ये ती द्राक्षं इथे दिसली की मी हटकून घेते.

मला खरा राग येतो तो ‘एक्सपोर्ट क्वालिटी’ या शब्दाचा. लहानपणी काजूवाला हे म्हणाला की आई दोन रुपये जास्त द्यायची. म्हणजे चांगलं ते बाहेर जाणार आणि उरलेलं आपण खाणार, हे आम्ही सगळ्यांनी मुकाट मान्य केलं होतं. आईच्या लाडवातला तीळ उट्रेख्टच्या पावावरल्या तिळाइतक्याच काटेकोरपणे का तपासू नये?

गेल्या संक्रांतीला टोकोमध्ये, म्हणजे इथल्या आशियाई किराणा दुकानात, तिळाची दोन पाकिटं हातात घेतली. उलटून पाहिलं, भारतातलं होतं ते परत फळीवर ठेवलं. घरी आल्यावर आईने बॅगेत घालून दिलेला, कसलंही लेबल नसलेला गोडा मसाला आमटीत दोन चमचे घातला. लाडवांचा फोटो ग्रुपवर टाकला. दादाने लिहिलं, ‘तीळ आपलाच ना?’ मी ‘हो’ म्हटलं.